मदत हवी आहे: लंडन-पॅरिस, विमान की ट्रेन? (सोबत आई-बाबा)

मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन ताईकडे लंडनजवळ स्लाउला जातोय. तिथून तीन दिवस पॅरिस. बाबा ७४, गुडघे दुखरे. आई ठणठणीत, पण पिशव्या चार.

अंतर सरळ रेषेत ३४४ किमी, म्हणजे रस्त्याने मुंबई-रत्नागिरी साधारण तेवढंच. विमानाला सव्वा तास. ताईच्या घरून हीथ्रो विमानतळ टॅक्सीने वीसेक मिनिटांवर. मग ट्रेनच्या भानगडीत पडायचंच कशाला, असं माझं म्हणणं. ताई म्हणते, "मुकाट्याने ट्रेनचं तिकीट काढ."

त्यात काल विमानाच्या वेळा बघून डोकं चक्रावलं. जाताना १०:०० ला सुटून १२:२० ला पोहोच, येताना १०:०० ला सुटून १०:२० ला! बाबा म्हणाले, "येताना उतार असेल."

कोणी दोन्ही केलंय का?

प्रतिसाद १:
बाबांना दंडवत! पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे, एवढाच तो उतार. खरा वेळ दोन्हीकडून १ तास २० मिनिटंच, आणि त्यातही बराचसा धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात जातो.

प्रतिसाद २:
आम्ही दोन्ही केलंय, तेही सासूबाईंसोबत. सव्वा तासावर जाऊ नका. हीथ्रोला दोन तास आधी पोहोचायचं, आणि शार्ल द गॉल विमानतळ शहरापासून पंचवीसेक किमी लांब. उतरल्यावर चालणंही भरपूर. युरोस्टार (लंडन-पॅरिस ट्रेन) लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून सव्वादोन-अडीच तासांत थेट गार द्यू नॉर स्टेशनला, म्हणजे भर पॅरिसात. फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच होते, त्यामुळे तिथे तास-सव्वातास आधी हजर राहा.

स्लाउहून एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने फॅरिंग्डन, तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन सेंट पँक्रस. दोन्हीकडे लिफ्ट आहे. खरं सांगायचं तर दारापासून दारापर्यंत तुमचा वेळ फारसा वाचणार नाही. पण बाबा वाटेल तेव्हा उठून पाय मोकळे करू शकतील, आणि पिशव्यांचं वजन कोणी करत नाही. गार द्यू नॉरला मात्र पाकीट पुढच्या खिशात.

धागाकर्ता:
पिशव्यांचं ऐकून आई आत्ताच ट्रेनच्या बाजूने झाली. घरचं तूप नेलं तर चालेल का?

प्रतिसाद २:
नाही हो. ब्रिटनमधून फ्रान्समध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, ट्रेन असो वा विमान. मेतकूट न्या.

प्रतिसाद ३:
तूप राहू दे, व्हिसा काढलात का? ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) वेगळा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे म्हणजे गर्दीचे दिवस, आधी अपॉइंटमेंट धरा आणि मग परत न मिळणारी तिकिटं काढा.

धागाकर्ता:
बापरे, एकाच व्हिसात भागेल असं धरून चाललो होतो! आजच बघतो. तूप ताईकडे राहील. आईला ते सांगायचं कामही ताईचंच.