टेबलावर बोंबलणारा अलार्म मेलेला नसतो

गाडीतून काढलेला चोरीचा अलार्म टेबलावर तपासताना 'पॉवर देताच सायरन बोंबलतो आणि रिमोट चालत नाही, म्हणजे युनिट गेलं' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. बऱ्याच अलार्मची शेवटची स्थिती मेमरीत राहते. गाडीतून, अलार्म लावलेला असतानाच वायरी तोडून काढलेलं युनिट टेबलावर जागं होतं तेही त्याच अवस्थेत, आणि बोंबलणं हे तर त्याचं कामच! इग्निशनच्या वायरीला (चावी फिरवली की जिच्यात पॉवर येते ती) १२ व्होल्ट द्या, व्हॅले बटण (रिमोटशिवाय अलार्म बंद करायचं छोटं बटण) दाबा. बहुतेक वेळा गप्प बसतं. किती वेळा, किती सेकंद दाबायचं हे मात्र मॉडेलप्रमाणे बदलतं. युनिटला नवा रिमोट ओळखायला शिकवायलाही सहसा इग्निशन आणि व्हॅले बटण हीच जोडी लागते.

माझं युनिट वेगळ्याच कारणाने वेड्यासारखं वागत होतं. मी १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला होता. सायरन सुरू झाला की व्होल्टेज कोसळायचं, युनिट रीसेट व्हायचं, पुन्हा सायरन. अख्खी संध्याकाळ मी सर्किट बोर्डावर डाग शोधत बसलो! शेवटी सायरन काढून त्याच्या जागी ५ वॉटचा दिवा जोडला (०.४ अँपिअरच्या आसपास, शिवाय घरचेही शांत) आणि सगळं सुरळीत. अ‍ॅडॉप्टरऐवजी गाडीची बॅटरी वापरत असाल तर पॉझिटिव्ह वायरीत २१ वॉटचा इंडिकेटरचा दिवा सीरीजमध्ये घातला तर आणखी बरं: कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो, बोर्ड वाचतो.