कार्यकारिणीत कोण हवं?

'कामगारांच्या संस्थेवर हिशेब कळणारी, शिकलेली माणसंच हवीत' असं कार्यकारिणीबद्दलच्या चर्चेत एकानं म्हटलं; ते मला अर्धंच पटलं. हिशेब पाहिजेच, पण सोलापुरात त्याआधी तेलुगू पाहिजे. आमच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांत तेलुगू घरं भरपूर. माझी आत्या एका छोट्या संस्थेच्या कमिटीवर होती. इतिवृत्त शुद्ध मराठीत, सह्या सगळ्यांच्या, आणि काय ठरलं ते निम्म्या जणींना बाहेर आल्यावर आत्याच समजावून सांगायची. शिवाय बैठक दुपारी चारला, म्हणजे ऐन विड्या मोजून द्यायच्या वेळेला! वेळ ठरवणारे पदवीधर होते, बरं का.

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या कामगार वसाहतींचा विषय या चर्चेत अजून कुणी काढला नाही, याचं नवल वाटलं. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर यांच्या पुढाकारानं तिथं आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये ताबा मिळाला. मग असंघटित कामगारांसाठी रे नगर ही वसाहत, एकूण ३० हजार घरांची; त्यातली पहिली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली. मास्तरांचं राजकारण पटो न पटो, एवढ्या कामगारांची कागदपत्रं बाहेरच्या शिकलेल्या सल्लागाराला गोळा करता आली असती असं मला वाटत नाही.