मदत हवी आहे: 'कॉम्प्रमाइज'च्या दुसऱ्या अर्थासाठी वाक्यं

नाशिकरोडला स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी 'कॉम्प्रमाइज'चा सराव-कागद करतोय. पहिला अर्थ त्यांना जमतो: दोघांनी थोडं थोडं सोडून मधला मार्ग काढणं. माणसाला 'विथ', मुद्द्याला 'ऑन'. बाजार समितीत हमालांनी व्यापाऱ्यांशी दराबाबत तडजोड केली, तर व्यापाऱ्यांना 'विथ' आणि दराला 'ऑन'. म्हणूनच 'कॉम्प्रमाइज विथ क्वालिटी' चूक. दर्जा हा माणूस नाही, तिथे 'ऑन' हवं.

गाडी अडते ती पुढे. मधे 'विथ', 'ऑन' काहीच न येता थेट कर्म आलं की बहुधा अर्थच पालटतो. 'कॉम्प्रमाइज सेफ्टी' म्हणजे सुरक्षितता धोक्यात आणणं. पासवर्ड 'कॉम्प्रमाइज्ड' म्हणजे परक्याच्या हाती लागलेला. मुलं इथेही 'तडजोड' लिहितात आणि उताऱ्याच्या प्रश्नात हमखास गुण घालवतात.

या दुसऱ्या अर्थाची आपल्याकडची वाक्यं हवी आहेत. द्राक्षाचं शीतगृह, गोदाघाटावरची गर्दी, बँकेचा ओटीपी, काहीही चालेल. वाक्य एका ओळीचं असावं, इंग्रजीसोबत मराठी अर्थही द्यावा आणि क्रियापद शक्यतो वेगवेगळं असावं: धोक्यात येणं, बाधा पोहोचणं, फुटणं. कागद रविवारी छापायचा आहे, त्याआधी कृपया पाठवा.