एस्कोचा ७ वर्षांचा करार: बचत मोजायची कशी आणि संध्याकाळचा लोड सरकवण्याचे पैसे कुणाचे?

सुविधा_पुणे

पुण्यातली आयटी ऑफिसची इमारत आहे, वातानुकूलित क्षेत्र साधारण २ लाख चौरस फूट. २००९ चे २५० टीआरचे (टीआर म्हणजे टन रेफ्रिजरेशन, थंडावा मोजायचं एकक) ३ वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर (एसीचं पाणी गार करणारी यंत्रं). दोन चालतात, एक स्टँडबाय. पंप एकाच वेगाचे, एएचयूंना (मजल्यांवर गार हवा सोडणारी यंत्रं) थ्री-वे व्हॉल्व्ह (जास्तीचं पाणी बाजूने परत पाठवणारे). महावितरणचं ११ केव्हीचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, काँट्रॅक्ट डिमांड (करारातली कमाल मागणी) १,५०० केव्हीए, एप्रिलमधला पीक १,२००. वर्षाला ३८ लाख युनिट.

एका एस्कोचा, म्हणजे ऊर्जाबचत करून देणाऱ्या कंपनीचा, प्रस्ताव आलाय. सगळी गुंतवणूक त्यांची, इमारतीच्या एकूण बिलावर २२ टक्के बचतीची हमी, मुदत ७ वर्षं, बचतीतले ८० टक्के त्यांचे. बेसलाइन (बचत ज्याच्याशी ताडायची तो जुना खप) म्हणजे गेल्या १२ महिन्यांची बिलं. वर 'फ्लेक्सिबिलिटी' म्हणून एक जोडपत्र आहे: दुपारी इमारत जास्त गार करायची, संध्याकाळी ६ ते ८ मध्ये १८० किलोवॅट लोड उतरवायचा आणि टीओडीच्या (वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराच्या) फायद्यात निम्मा वाटा. २२ टक्के पटण्यासारखे आहेत का? सही करण्याआधी मसुद्यात काय बदलून घ्यावं?

चिलरघर

आधी २२ टक्क्यांचं गणित कागदावर मांडा. वर्षाचे ३०० दिवस, रोज १२ तास, सरासरी ३५० टीआर धरले तर १२.६ लाख टीआर-तास होतात. असा जुना प्लांट पंप आणि कूलिंग टॉवरसकट १.१५ किलोवॅट प्रति टीआरच्या आसपास चालत असेल, म्हणजे साडेचौदा लाख युनिट. नवे चिलर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आणि टू-वे व्हॉल्व्ह (गरजेपुरतंच पाणी सोडणारे) घालून तो ०.७५ वर आला तर वाचतात ५ लाख युनिट. ३८ लाखांवर हे १३ टक्के. २२ टक्के म्हणजे ८ लाख ३६ हजार. उरलेले सव्वातीन लाख कुठून येणार, ते उपायवार लिहून मागा. एएचयूला ईसी फॅन (कमी वीज खाणारे पंखे), दिवे, पार्किंगचे एक्झॉस्ट, जे असेल ते प्रत्येकी किती युनिट. उत्तर मोघम आलं तर ती बचत रिकाम्या होणाऱ्या मजल्यांतून काढायचा बेत आहे, असं समजायला हरकत नाही.

थ्री-वे व्हॉल्व्ह तसेच ठेवून पंपांना व्हीएफडी लावणं हा नेहमीचा घोळ. पाणी बायपासमधून फिरत राहतं, रिटर्न गारच परत येतं, डेल्टा टी (जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक) ५.५ ऐवजी ३.५ अंशांवर बसतो. ३५० टीआरसाठी ५.५ ला ताशी १९२ घनमीटर पाणी पुरतं, ३.५ ला ३०२ लागतं. मग पंप कमी वेगावर जाणार कसा? व्हॉल्व्ह बदलणं एस्कोच्या कामाच्या यादीत नसेल तर पंपाच्या बचतीचा आकडा खोडून टाका. आणि टू-वे केल्यावर चिलरच्या किमान फ्लोसाठी बायपास लागतो, तोही यादीत हवा.

मोजमाप

खरी मेख बेसलाइनमध्ये आहे. आयपीएमव्हीपीच्या (बचत मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या) भाषेत तुम्हाला देऊ केलाय तो ऑप्शन सी: पूर्ण इमारत, मुख्य मीटर. बचत १० टक्क्यांच्या वर असेल तर तो चालतो, पण इमारतीत जे जे बदलेल ते सगळं त्या मीटरमध्ये शिरतं. भाडेकरूने एक मजला सोडला की एस्कोला फुकटची बचत, कुणी सर्व्हर रूम वाढवली की त्यांचं नुकसान. दोन्ही बाजूंनी भांडण ठरलेलं.

पुण्यात आणखी एक अडचण. बेसलाइन नुसत्या बाहेरच्या तापमानावर बांधली तर एप्रिल आणि जुलै एका रेषेत बसत नाहीत. एप्रिलमध्ये हवा कोरडी, वेट बल्ब (हवेतली वाफ धरून मोजलेलं तापमान) खाली, टॉवर झकास चालतो. पावसाळ्यात पारा उतरतो, पण हवेतली वाफ काढण्याचा भार चढतो आणि टॉवर ढेपाळतो. समीकरणात वेट बल्ब आणि प्रत्यक्ष हजेरी, दोन्ही घ्या.

माझं मत: चिलर प्लांटपुरता ऑप्शन बी, म्हणजे तेवढ्याच भागाचं वेगळं मोजमाप. प्लांटची सगळी वीज वेगळ्या मीटरवर आणि थंडावा बीटीयू मीटरवर (पाण्याचा प्रवाह आणि डेल्टा टीवरून टीआर काढणारा). काम सुरू होण्याआधी निदान एक उन्हाळी आणि एक पावसाळी महिना, दर १५ मिनिटांची नोंद. त्यातून जुन्या प्लांटचा वक्र काढायचा: इतका टीआर, इतका वेट बल्ब, तर इतके किलोवॅट.

बीटीयू मीटरवर काटकसर नको. टीआर = ताशी घनमीटर × डेल्टा टी ÷ ३.०२४. डेल्टा टी ५.५ असताना सेन्सरच्या जोडीत ०.३ अंशाची चूक म्हणजे साडेपाच टक्के, ३५० वर १९ टीआर. त्यामुळे सेन्सर मॅच्ड पेअर (एकमेकांशी जुळवलेली जोडी) हवेत, थर्मोवेलमध्ये (पाइपच्या आत शिरणाऱ्या नळीत). पाइपवर चिकटवलेले नकोत. ८ इंची लाइनवर फ्लोमीटरच्या आधी २ मीटर आणि नंतर १ मीटर सरळ पाइप पाहिजे. खपली धरलेल्या जुन्या पाइपवर क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक कायमचा लावू नका. कंडेन्सर बाजूलाही मीटर घ्या, म्हणजे उष्णतेचा ताळेबंद जुळवता येतो: ३५० टीआर म्हणजे १,२३१ किलोवॅट, त्यात कॉम्प्रेसरचे २८० मिळवले की कंडेन्सरला १,५११, म्हणजे ४३० टीआर दिसायला हवेत. सिंगापूरच्या ग्रीन मार्क या हरित इमारतींच्या मानांकनात ८० टक्के नोंदींचा हा ताळा ±५ टक्क्यांत बसावा लागतो. तीच अट उचला.

सुविधा_पुणे

म्हणजे किलोवॅट प्रति टीआर सुधारला की पैसे, इतकं सुटसुटीत ठेवता येईल?

मोजमाप

नुसतं तेवढंच ठेवलंत तर फसाल. सूत्र असं होतं: (जुना किलोवॅट प्रति टीआर वजा नवा) × टीआर-तास. जितके टीआर-तास जास्त, तितकं एस्कोचं बिल जास्त. पहाटे ५ ला प्लांट सुरू झाला, फ्रेश एअरचे डँपर उघडे राहिले, कुणी २१ अंशांवर सेट केलं, तर त्यांना आनंदच. म्हणून टीआर-तासांना हजेरी आणि वेट बल्बवरून ठरणारी वरची मर्यादा घाला. त्यापुढच्या तासांवर वाटा नाही.

दुसरी पळवाट म्हणजे थंड पाण्याचं सेटिंग ७ वरून १० अंशांवर नेणं. चिलरचा आकडा लगेच सुंदर दिसतो. पण एएचयूचे पंखे जास्त पळतात आणि जुलैत कॉइल हवेतलं पाणी काढत नाही. त्यामुळे पंख्यांची वीज मापनाच्या हद्दीत आणा आणि आरामाच्या अटी आकड्यांत लिहा: रिटर्न हवा २६ अंशांखाली, आर्द्रता ६० टक्क्यांखाली, कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमखाली. या मोडल्या त्या तासांची बचत शून्य धरायची. सेन्सरचं कॅलिब्रेशन दरवर्षी.

झोन_डी

आता बिलाची बाजू. बचतीचं युनिट कोणत्या दराने मोजणार, हे मसुद्यात बघा. बहुतेक ठिकाणी एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर घुसवलेला असतो. युनिट वाचलं म्हणून डिमांड चार्ज (कमाल मागणीवरचा आकार) आपोआप कमी होत नाही. समजा सरासरी १३ रुपये आणि बदलता भाग साडेदहा. ५ लाख युनिटवर अडीच रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला साडेबारा लाखांची कागदी बचत, तिचे ८० टक्के, म्हणजे १० लाख, तुम्ही दरसाल खऱ्या खिशातून देणार.

डिमांडची बचत वेगळ्या ओळीत, आणि बिलात दिसली तरच. महावितरण बिलिंग डिमांड काढताना मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च बिलिंग डिमांडचे ७५ टक्केही बघतं. तुमचा पीक १,२००, त्याचे ९००. नव्या प्लांटने डिमांड ८५० वर आणली तरी तो एप्रिल मागे पडेपर्यंत निदान ९०० चं बिल येणार.

फ्लेक्सिबिलिटीचं जोडपत्र मला जास्त खटकतं. टीओडीचे स्लॉट वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलतात. जुन्या रचनेत रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत होती, संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे अधिभार. मग केंद्राचे २०२३ चे सुधारित ग्राहक हक्क नियम आले: सौर तासांत दर किमान २० टक्के कमी, पीकला व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट. २०२५ च्या दरआदेशापासून महाराष्ट्रातही सवलत रात्रीवरून दिवसावर आली. रात्री बर्फ करून दुपारी वितळवण्याचा करार त्या दिवशी उलटा पडतो. म्हणून एस्कोचा मोबदला किती किलोवॅट किती तास सरकवले यावर ठेवा, स्लॉट दर वर्षी जोडपत्रातून बदला आणि दरबदलाचा नफा-तोटा कुणाचा ते लिहा.

आणि दुपारी इमारत जास्त गार करण्यातला खड्डा: तुमचा पीक एप्रिल-मेच्या दुपारीच येतो. १८० किलोवॅट दोन तास सरकवले तर दिवसाला ३६० युनिट. दरातला फरक साडेतीन रुपये धरला तर २५ दिवसांत ३१,५०० रुपये. त्यासाठी दुपारची डिमांड १०० केव्हीएने वाढली आणि केव्हीएला ६०० रुपये धरले तर त्या महिन्यात ६०,००० गेले. बीएमएसमध्ये (इमारतीच्या नियंत्रण संगणकात) डिमांडचं कुलूप हवं: १,०५० केव्हीए ओलांडायची चिन्हं दिसली की प्री-कूलिंग थांबलं पाहिजे.

चिलरघर

एस्कोवाले गार पाणी साठवायची टाकी सुचवतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ३०० टीआर दोन तास म्हणजे ६०० टीआर-तास. डेल्टा टी ७ अंश आणि टाकीतलं मिसळणं धरून टीआर-तासाला ४८० लिटर, एकूण २८८ घनमीटर. वरच्या हिशेबाने वर्षाचे पावणेचार लाख रुपये मिळणार असतील तर टाकी, इन्सुलेशन, डिफ्यूझर यांचा खर्च कधी निघेल ते तुम्हीच बघा. अग्निशमनाची टाकी वापरू म्हणाले तर फायर विभागाच्या लेखी परवानगीशिवाय विषयच काढू नका. ऑफिस सातला रिकामं होत असेल तर टाकीची गरजही नाही. साडेपाचपासून सेटिंग २४ चं २६ करत न्या, काँक्रीटचा गारवा तासभर साथ देतो. इथे नंतर पुन्हा उसळणारा लोडही नसतो, कारण लोक घरी गेलेले असतात.

केव्हीएएच बिलिंग (पॉवर फॅक्टर बिघडला की वाढणारं) आहे हेही ध्यानात ठेवा. मोटरी व्हीएफडीवर गेल्या की जुनी फिक्स्ड कपॅसिटर बँक रात्री पॉवर फॅक्टर लीडिंगला नेते आणि केव्हीएएच वाढतात. एपीएफसी पॅनेलची (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणाऱ्या) फेरजुळणी एस्कोच्या कामात टाका.

मोजमाप

उतरवलेला लोड मोजायची पद्धतही लिहा. मागच्या १० कामाच्या दिवसांची त्याच तासांची सरासरी, त्यात त्या दिवसाच्या हवेप्रमाणे जास्तीत जास्त २० टक्क्यांची दुरुस्ती. ही दुरुस्ती प्री-कूलिंग सुरू होण्याआधीच्या तासांवरून करायची. दुपारचा फुगवलेला लोड पाया धरला की संध्याकाळची घट आपोआप मोठी दिसते. प्री-कूलिंगसाठी जास्त जळलेले युनिट कार्यक्षमतेच्या बचतीतून वजा करायचे की नाही, तेही ठरवा, नाहीतर एकाच कंपनीची दोन जोडपत्रं एकमेकांशी भांडतील.

सुविधा_पुणे

पुष्कळ मिळालं. ७ वर्षांआधी करार मोडावा लागला तर?

झोन_डी

वर्षवार बायआउट रकमांचा (करार मोडताना एस्कोला द्यायच्या) तक्ता आत्ताच जोडा. 'परस्पर सहमतीने' असं ठेवू नका. बीएमएसचा अ‍ॅडमिन पासवर्ड, कंट्रोलरचे प्रोग्रॅम आणि १५ मिनिटांचा डेटा पहिल्या दिवसापासून तुमच्या मालकीचा. कंडेन्सर ट्यूबची सफाई आणि टॉवरच्या पाण्याची प्रत कोण सांभाळणार ते नाव घालून लिहा, कारण दुसऱ्या वर्षी बचत घसरली की पहिलं बोट तिकडेच जातं. आणि तुमच्या त्या स्टँडबाय चिलरचं काय, ते विचारून घ्या. नव्यापैकी एक बंद पडला आणि २००९ चा चालवावा लागला, तर ते तास कुणाच्या खात्यात?