देव न मानणाऱ्याने तिसरी पायरी कशी घ्यायची?

किनारा:
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांमधली तिसरी म्हणजे स्वतःला ईश्वरावर सोपवणं. नास्तिक माणूस इथे अडला की मीटिंगही टाळायला लागतो. त्याला स्पॉन्सरने (पायऱ्या करून घेणाऱ्या जुन्या सदस्याने) नेमकं काय करायला सांगावं? तिसरी पक्की होईपर्यंत चौथी, म्हणजे स्वतःचा लेखी आढावा, थांबवावी का?

औदुंबर:
अजिबात थांबवू नका. तिसरी हा निर्णय आहे, श्रद्धेची परीक्षा नाही. १९३९ साली पायऱ्या छापल्या तेव्हाच 'आपल्याला उमगलेला ईश्वर' अशी सूट त्यात होती, तीही न मानणाऱ्या सदस्यांच्या आग्रहामुळे. ईश्वर नको असेल तर गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानावं. मग सोपवणं म्हणजे साधी गोष्ट: पिण्याची ऊर्मी आली की स्वतःच्या डोक्याशी वाद न घालता गटातल्या कुणाला तरी फोन लावायचा.

निर्णय खरा आहे की नाही, ते चौथीच्या कागदावर कळतं. चार रकाने आखा: राग कोणावर, कशामुळे, माझ्या कशाला धक्का लागला (मान, पैसा, नाती, सुरक्षितता), आणि माझा वाटा. आधी पहिला रकाना वरून खालपर्यंत पुरा करा, मग दुसरा. एकेक माणूस आडवा घेतला की पहिल्याच नावावर लेखणी अडते. शेवटचा रकाना कोरा राहिला तर ती नुसती तक्रारींची यादी होते. मात्र लहानपणी झालेल्या अत्याचारात 'माझा वाटा' कधीही शोधायला लावू नका.

पाचवीचा, म्हणजे हे लिहिलेलं दुसऱ्या माणसाला सांगण्याचा, दिवस लिहायला बसण्याआधीच ठरवा. उकरलेला राग कुणाला न सांगता महिनाभर वहीत पडून राहिला तर तोच परत प्यायला लावतो.

पाणवठा:
फोनबद्दल एक. ऐन ऊर्मीत पहिला फोन कुणाच्याच हातून होत नाही, लाज आडवी येते. म्हणून बरं वाटत असतानाच रोज एक फोन करायचा सराव हवा. पाच-सहा जणांचे नंबर ठेवा, एकट्या स्पॉन्सरवर भिस्त नको. मीटिंगला पंधरा मिनिटं आधी जाऊन खुर्च्या मांडल्या की ओळखी आपोआप होतात. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगचा प्रघात याचसाठी आहे.

समई:
रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर. फिट बहुधा पहिल्या ६ ते ४८ तासांत येते. भ्रम आणि थरथरीचा गंभीर प्रकार साधारण दोन ते चार दिवसांनी, आणि तो जिवावर बेतू शकतो. नैराश्याच्या गोळ्या 'हीसुद्धा नशाच' म्हणून बंद करायला सांगणारे स्पॉन्सर भेटतात. तो त्यांचा अधिकारच नाही.

किनारा:
पाचवी ऐकायला स्पॉन्सरच लागतो का?

औदुंबर:
नाही. समुपदेशक चालेल, धर्मगुरूही चालेल. गुपित पोटात ठेवणारा हवा आणि ऐकून स्वतः जखमी न होणारा. म्हणून बायको किंवा नवरा नको.