वर्गात घुसून पालकानं अंगावर हात टाकला, हेडमास्तर म्हणतात "मिटवून टाका"

खानापूरची बाई:
मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. सातवीतल्या एका पोरानं कर्कटक पाचवीतल्या पोराच्या दंडात खुपसलं. मी त्याला मारलं नाही. पुढच्या बाकावर एकट्याला बसवलं आणि वडिलांनी येऊन भेटावं म्हणून वहीत चार ओळी लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला वडील थेट वर्गात. "माझ्या पोराला चोरासारखं बसवतीस व्हय?" म्हणत मनगट धरून मला फळ्यावर ढकललं. बांगड्या फुटल्या, काच मनगटात घुसली. पोरी रडायला लागल्या. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी धावत आले म्हणून पुढचं टळलं.

हेडमास्तर ऑफिसातच होते, आवाज ऐकूनही उठले नाहीत. मी पदरानं रक्त दाबत गेले तर म्हणाले, "बाई, वाढवू नका. आधीच पट कमी. उद्या त्यांच्या भावकीनं टीसी मागितल्या तर शिक्षक जादा ठरतील, बदली तुमचीच व्हायची." संध्याकाळी एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, अध्यक्षांना बोलावून आम्हाला समोरासमोर बसवलं आणि दोघांनीही माफी मागावी म्हणाले. मी कशाची मागू? नाही मागितली. मनगट भरून येईल, पण माझ्याच हेडमास्तरांनी मला एकटं पाडलं, ते झोपू देत नाही. आता तक्रार करायची ती त्यांना डावलून करायची का?

निवृत्त हेडमास्तर, निपाणी:
बाई, माफी मागितली नाहीत हे उत्तम केलंत. पालक चिडून येतात, येणारच, पोटचं पोर आहे. पण त्यांनी आधी ऑफिसात यायचं, वर्गात नव्हे. दारात अडवणं हे हेडमास्तरचं काम. शिक्षकांच्या दर्जाबाबत युनेस्को आणि आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६६ साली ज्या शिफारशी केल्या, त्यात हे स्वच्छ लिहिलंय: पालकांची तक्रार असेल तर पहिल्यांदा मुख्याध्यापक आणि संबंधित शिक्षकाशी बोलायची संधी त्यांना द्यावी, पुढे वर तक्रार गेलीच तर ती लेखी असावी आणि तिची प्रत शिक्षकाला मिळावी. ५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन पाळतात तो याच शिफारशींमुळे. त्या दिवशी गुलाबाचं फूल देतात, हे कुणी वाचून दाखवत नाही.

तुमच्या हेडमास्तरांनी त्याच तासाला तुम्हाला दवाखान्यात पाठवायचं, वर्ग स्वतः घ्यायचा, बीईओंना, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांना, लेखी कळवायचं. तडजोडीची बैठक त्यानंतरची गोष्ट, तीही तुमची तयारी असेल तर. मारणारा आणि मार खाणारा एका पंक्तीला बसवला की गावाला कळतं, या शाळेत बाईच्या अंगावर हात टाकला तरी चालतो.

कोर्टातला माणूस, बेळगाव:
तक्रार द्यायला हेडमास्तरांची परवानगी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सरकारी नोकराला काम करण्यापासून रोखण्यासाठी हल्ला केला तर कलम १३२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. त्यात जखम झाली तर १२१(१), पाच वर्षांपर्यंत. अर्जात नुसतं "मारहाण केली" लिहिलंत तर साध्या दुखापतीच्या ११५(२) खाली एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून मोकळे होतील. म्हणून कुठला वर्ग, कुठला तास, फळ्यावर काय चाललं होतं, सगळं लिहा. काच घुसल्याचं सरकारी दवाखान्यात दाखवून एमएलसी, म्हणजे पोलिसी कामासाठीची जखमेची डॉक्टरी नोंद, करून घ्या, जखम सुकायच्या आत.

जबाब कन्नडमधून लिहून घेतील. अक्षरन् अक्षर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, सोबत कन्नड येणारं आपलं माणूस न्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलीच नाही तर एसपींना पोस्टानं पाठवा.

एसडीएमसीतला एक बाप:
माझीही पोरं मराठी शाळेतच आहेत म्हणून बोलतो. पटाची भीती खोटी नाही बाई. आमच्याकडं दोन घरं फिरली की वर्ग रिकामा दिसतो. पण बाईला मारलेल्या शाळेत मी माझी पोरगी कशी धाडू, हेही हेडमास्तरांनी बघावं की. पोलिसात जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त त्या पोरावर राग धरू नका. घरात काय बघतोय कुणास ठाऊक, आणि ज्याला कर्कटक लागलं त्याच्या आईबापाला कुणी भेटलंय का?

खानापूरची बाई:
त्याच्या घरी मी त्याच संध्याकाळी जाऊन आले, दंडाला सूज होती, आता बरा आहे. सातवीचा पोरगा माझ्याच वर्गात आहे, मान वर करत नाही. त्याच्यावर माझा राग नाही.

एमएलसी झाली. घडलेलं सगळं लिहून हेडमास्तरांना दिलं, पोच मागितली. आधी नको म्हणाले. शेजारचे गुरुजी आणि आणखी दोन बाई माझ्यासोबत उभ्या राहिल्यावर सही केली. बीईओंना प्रत उद्या देते. ठाण्यातही उद्याच, गुरुजी कन्नड वाचतात, ते येणार आहेत.