नाव गावच्या अंगणवाडीत, बाळ चिंचपाड्यात. आहार कुठून मिळेल?

पोळीवाली, घणसोली
माझं पोळी-भाजी केंद्र आहे. हाताखाली एक मुलगी आहे, जालन्याकडची, बावीस वर्षांची. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, राहतात चिंचपाड्यात भाड्याने. पदरात चौदा महिन्यांची पोर आणि आता पाचवा महिना चालू आहे. पोर दिवसभर पिठाच्या डब्याला टेकून बसते, चहात बुडवलेलं बिस्कीट चोखते; भात भरवला की थुंकते. वस्तीतल्या अंगणवाडीत गेली तर "नाव गावाला आहे, इथे चढत नाही" म्हणून परत पाठवलं. आहाराच्या पाकिटाचं राहू दे, पोरीचं साधं वजनही कुणी केलं नाही. काय करायचं? आणि कृपा करून "अशा बाईला कामाला का ठेवलं" असलं लिहू नका. कामावर आहे म्हणून तिचं दुपारचं जेवण तरी होतंय.

निवृत्त मुख्यसेविका, कळवा
"चढत नाही" हे अर्धंच खरं. एकाच आधारवर दोन ठिकाणी नाव घेता येत नाही, पण पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये, स्थलांतराची सोय आहे. गावच्या सेविकेला फोन लावा, नाव इकडे हलवायला सांगा. इथली ऐकत नसेल तर तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मुख्यसेविकेचा नंबर मागा, वाद घालत बसू नका. घरपोच आहार, म्हणजे घरी नेऊन शिजवायची पाकिटं, आता लाभार्थी आईचा चेहरा जुळवून देतात, म्हणून तिला स्वतःलाच जावं लागेल.

पण मी तुमच्या जागी असते तर पाकिटाआधी पोरीच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावून घेतली असती. दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला तर तीव्र कुपोषण. मग अंगणवाडीची वाट न बघता थेट महापालिकेच्या रुग्णालयात न्या. 12.5 च्या खाली असेल तरी दुर्लक्ष नको. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस झाली का, कार्डावर बघा. राहिली असेल तर इथेच मिळते, लसीला गाव-शहर नसतं.

आईसाठी: दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत डॉक्टरी तपासणी असते. हिमोग्लोबिन बघून घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच. दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेत 6,000 रुपये मिळतात; नोंद मात्र गरोदरपणातच करून ठेवा.

दिघ्याचा
ती पाकिटं आमच्याकडे म्हशींना घालतात. कशाला एवढी धावपळ?

निवृत्त मुख्यसेविका, कळवा
घालतात, नाकारत नाही. नुसतं पाण्यात कालवून दिलं तर कुठलं पोर खाईल? पातेल्यात थोडं तेल, जिरं, मग पीठ खरपूस भाजायचं, गूळ किंवा मीठ घालून घट्ट शिजवायचं. पातळ पेज नको, पोट भरतं पण अंगी लागत नाही. आणि खाण्याआधीचा तो चहा बंद करा, भूक तोच मारतो.

पोळीवाली, घणसोली
गावच्या सेविकाताईंशी बोलले, त्या तयार आहेत. अडचण दुसरीच: आधारला नंबर नवऱ्याचा आणि तो उरणला साइटवर. ओटीपी त्याच्याकडे जाणार.

निवृत्त मुख्यसेविका, कळवा
हे रोजचंच. त्याला जेवणाच्या सुट्टीत फोन हातात ठेवायला सांगा, त्याच वेळी हिला सेविकेसमोर बसवा. नंतर आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.

पोळीवाली, घणसोली
सोमवारी डब्यांची गर्दी असते, मंगळवारी पाठवते. दंडाची पट्टी लावून घ्यायलाही सांगते.